फोटोच्या चौकटीतली पताका

भिंतीवरून बोलतेय मी, जरा मान वर करून बघा. निळ्या लोकरी कापडाची, एका बाजूला निमुळती होत गेलेली पताका. माझ्यावर पांढरा घोडा छापलाय. एका फुटबॉल संघाची ती खूण.

माझा जन्म मैदानामागच्या एका शिलाईच्या खोलीत झाला. कात्री चालली, छाप पडला आणि सामन्याच्या दिवशी आम्हा बहिणींना फाटकाशी लटकवलं. एका मामाने आपल्या भाच्यासाठी मला घेतलं. त्या दिवशी आमचा संघ हरला. पण घर येईपर्यंत त्या पोराने मला खाली होऊ दिलं नाही.

"अरे, हरलोय आपण. आता तरी हात खाली कर," मामा म्हणाला.

"पुढच्या वेळी जिंकणारच आहोत ना!"

मग त्याला नादच लागला. प्रत्येक सामन्याची एक पताका तो आणायचा. पुढे त्याला मिशा फुटल्या, नोकरी लागली, लग्न झालं, आणि आम्ही सगळ्या पत्र्याच्या पेटीत गेलो. अंधाराचं एवढं काही नाही, पण पेटीत कुणी हाक मारत नाही. कसर लागली आणि माझ्या बहिणी एकेक करून गेल्या. मी कागदात गुंडाळलेली होते म्हणून वाचले.

त्याचं बाळ रांगायला लागायच्या आत तो लांब कामाला गेला, भर समुद्रात, तेलाच्या विहिरीवर. घरी उरली बायको आणि ते बाळ. एकदा बाळाचे गरम कपडे शोधताना तिच्या हाताला मी लागले.

"अगंबाई, ही अजून आहे?" ती स्वतःशीच बोलली. तो येईल तेव्हा मी भिंतीवर दिसले पाहिजे, असं तिने मनात घेतलं.

चौकटवाल्याने मला हातावर तोलून बघितलं. "ताई, तिकोनी चौकट म्हणजे नखऱ्याचं काम. लाकूड तेवढंच आणि कटकट दुप्पट." त्याने सांगितलेला आकडा ऐकून तिने मला गुपचूप पिशवीत घातलं. ती पायरी उतरली तसा तो मागून ओरडला, "घरीच करा मग! पण गोंद लावू नका हां, डाग पडतो. टाके घाला. आणि काच अंगाला टेकू देऊ नका."

घरात मोठी चौकट एकच, लग्नाच्या फोटोची. तिने मला तिच्यात ठेवून बघितलं, तर माझं टोक बाहेर! मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी लावली आणि मी बरोबर बसले. तिने फोटो हलक्या हाताने काढून पेटीत माझ्या जागेवर ठेवला. पुठ्ठ्यावर धुतलेली जुनी ओढणी ताणली, निळ्या दोऱ्याने मागून बारीक टाके घातले, काचेखाली कडेने पुठ्ठ्याच्या पट्ट्या दिल्या. ऊन येत नाही अशा भिंतीवर खिळा ठोकला आणि चौकट इतक्या वेळा हलवून बघितली की मलाच गरगरलं. खाली पडली तर? बाळाला लागली तर?

शेजारच्या मावशी डोकावल्या. "काय गं, नवऱ्याला पेटीत घातलंस आणि फडकं मिरवतेस?"

"अहो मावशी, येऊ देत की त्यांना. परत लावीन फोटो," ती हसली.

माझ्याखाली एक फळी आहे. तिच्यावर तिचा बटणांचा फोन असतो. रोज संध्याकाळी तो वाजायचा, ती स्पीकर लावून ठेवायची आणि खोलीभर त्याचा आवाज घुमायचा, "ए पिल्ल्या, ओळख बघू कोण?" बाळ वर बघायचं. वर मी. "बाबा!" म्हणून टाळ्या पिटायचं. अर्धं खाल्लेलं बिस्किट मला दाखवायचं. ती कामात असायची, तिच्या लक्षात आलं नाही. आणि मला तर, खरं सांगते, फार बरं वाटायचं. हाक मारणारं कुणीतरी होतं.

एके दिवशी तोच दारात उभा राहिला. दाढी वाढलेली, खांद्यावर पिशवी. तो खाली बसला, हात पसरले. "ये, बाबाकडे ये."

बाळ मागे सरकलं, धावत फळीपाशी आलं आणि माझ्याकडे बोट केलं. "बाबा."

त्याने भिंतीकडे बघितलं. मग त्याने विचारलं, "आपला फोटो कुठाय?"

"अहो, तुम्हाला आवडेल म्हणून मी..." तिने पेटीकडे बोट केलं.

तो उठून माझ्याजवळ आला. बराच वेळ बघत राहिला. "टाके तू घातलेस? दिसत पण नाहीत गं."

फोटो पेटीतून निघाला आणि चिकटपट्टीने माझ्या शेजारी लागला. पण बाळ फोटोकडे बघेना, बापाकडे जाईना. सुट्टी सरत चालली. तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. हा ओळख न होताच परत गेला तर?

एका संध्याकाळी तो बाळासमोर मांडी घालून बसला आणि आपल्या फोनवरून तिला फोन लावला. "ए पिल्ल्या, ओळख बघू कोण?" आवाज फळीवरून आला आणि त्याच्या तोंडातूनही. बाळाने फळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग त्याच्या हलणाऱ्या ओठांवर बोट ठेवलं.

"बाबा?"

त्यानंतर ते त्याच्या खांद्यावरून उतरायलाच तयार नव्हतं. खांद्यावरूनच एकदा बाळाने माझ्या काचेवर थाप मारली. "झेंडा!" मी हसून घेतलं.

काल तो परत गेला. संध्याकाळी फोन वाजला, तोच आवाज आला. बाळाने वर बघितलं नाही. ते थेट दाराशी गेलं आणि बंद दारावर तळहात आपटत राहिलं. तिने त्याला उचललं, आणि तिची नजर माझ्याकडे आली. मैदानातून परतताना तो पोरगा 'पुढच्या वेळी जिंकणारच' म्हणाला होता, तेच मी तिला सांगितलं असतं. पण इथला आवाज फोनचा, माझा नाही.

तुमच्या पेटीत माझी एखादी बहीण असेल तर तिला बाहेर काढा. जुनी चौकट असली तरी चालेल, चार टाके घाला, उन्हापासून लांब ठेवा. फक्त कुणाचा फोटो काढून त्याच्या जागी लावू नका. दुसऱ्याच्या जागेवर हाकही दुसऱ्याचीच असते, फार एकटं वाटतं हो.