पाऊण काच पाणी

"नळ सोड. एकदम नको, जरा जरा."

दैवशालानं बॉयलरच्या पोटाखालचा नळ उघडला. गरम पाणी वाफ टाकत बादलीत पडू लागलं. अंगद गुडघे टेकून बसला आणि त्यानं आतल्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या पेन्सिलीएवढ्या काचेच्या नळीला डोळा लावला. भट्टीतला विस्तव त्यानं आधीच ओढून काढला होता.

"किती झालं?"

"अर्धी बादली भरली की. पर तुमच्या काचेत पाणी आधी होतं तेवढंच दिसू राह्यलं."

"अजून सोड."

बॉयलरमधलं पाणी आता भट्टीच्या छताच्याही खाली गेलं असणार, हे अंगदला ठाऊक होतं. काच मात्र पाऊण भरलेलीच दिसत होती. काचेच्या वरच्या टोकाला एक पितळी चाक होतं. ते त्यानं सकाळी मुद्दाम बंद करून ठेवलं होतं. आता त्यानं ते दोन बोटांनी उघडलं. काचेतलं पाणी थरथरलं, सर्रकन खाली आलं आणि दिसेनासं झालं.

"काय झालं वो?" दैवशाला नवऱ्याच्या तोंडाकडे बघत म्हणाली. "असे पांढरेफटक का पडले?"

"माझा बाप झोपला नव्हता," अंगद म्हणाला.

अंगदचं अख्खं आयुष्य जालन्याच्या एमआयडीसीत लेथवर उभं राहण्यात गेलं होतं. त्याचा बाप कडूबा केदारखेड्याहून येऊन मीटरगेज रेल्वेच्या इंजिनावर भट्टीत कोळसा टाकणारा फायरमन झालेला. पन्नास वर्षांपूर्वी, परतूरच्या अलीकडे एका लहान स्टेशनात क्रॉसिंगसाठी मालगाडी उभी असताना भट्टीचं छत खचलं, आणि आग-वाफ सगळी कडूबाच्या अंगावर आली. छतावर पाणी नसलं की ते तापून खचतं, म्हणून बॉयलरमधलं पाणी कमी होऊ देणं हा फायरमनचा सगळ्यात मोठा गुन्हा. चौकशीच्या कागदावर एकच ओळ उमटली: फायरमनला झोप लागल्याने पाणी राखले गेले नाही. ड्रायव्हर राधेश्याम खाली उतरलेला होता म्हणून वाचला. साक्ष त्याचीच होती.

झोप का लागली, हे मात्र घरातच ठाऊक होतं. आदल्या रात्री पाच वर्षांच्या अंगदला सणकून ताप भरला होता आणि कडूबा उजाडेपर्यंत त्याला खांद्यावर घेऊन फिरला होता. आई द्वारकाबाईनं ही गोष्ट पोराला कधी टोचून सांगितली नाही, पण सांगितली होती. "लई जीव होता त्याचा तुझ्यावर, रातभर फिरला," एवढंच ती म्हणायची. पुढचं अंगद स्वतःच जोडत आला होता. शाळेत पोरं त्याला 'डुलकी' म्हणत. तेव्हापासून दिवसा डोळा लागला तरी तो दचकून उठायचा.

चार वर्षांपूर्वी त्यानं बाप गेला त्या इंजिनाचं मॉडेल करायला घेतलं. एकास दहा मापाचं, खऱ्या वाफेवर चालणारं. मूळ इंजिन दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत घाईघाईनं बांधलेलं, सुटं करून जहाजातून हिंदुस्थानात आणलेलं. युद्ध संपलं, ती इंजिनं इकडंच राहिली आणि पुढं तीसेक वर्षं धावली. मूळ इंजिन कधीच भंगारात गेलं होतं. हाताशी एक फोटो होता, त्यातही निम्मं इंजिन धुरात. अंगदनं पत्रं पाठवली, म्हाताऱ्या फिटरांची घरं शोधली, भंगारवाल्यांना विचारलं. शेवटी संभाजीनगरच्या मुकुंदराव नावाच्या निवृत्त रेल्वे इंजिनिअरांनी मूळ नकाशांच्या प्रती दिल्या. त्या नकाशातच हे चाक होतं.

अंगदनं त्यांना फोन लावला.

"बरोबर पाहिलंत तुम्ही," मुकुंदराव म्हणाले. "काचेत वरून वाफ आणि खालून पाणी, अशा दोन वाटा असतात. वरची वाट बंद झाली की काच खोटं बोलते. बॉयलर रिकामा होत जातो, ही भरलेली दाखवते. आपल्या नेहमीच्या इंजिनांना तिथे दांडी असायची, आडवी म्हणजे बंद. या युद्धातल्या इंजिनांना चाक बसवलं. चाक उघडं आहे की बंद, नुसतं बघून कसं कळणार? परदेशातही यानं माणसं गेल्याचं मी वाचलंय."

"मंग साहेब, हे बंद कोणी केलं असंल?"

"ते नकाशात नसतं, अंगदराव."

पुढच्या चार दिवसांत अंगदनं ते चाक असलेला व्हॉल्व्ह पितळेत पूर्ण मापाचा करून घेतला, रुमालात गुंडाळला आणि परतूरची गाडी धरली.

ड्रायव्हर राधेश्याम परतुरातच राहत होता, शहाऐंशीचा झाला होता. ओसरीत बाजेवर बसला होता. सून बेबीनंदा पाणी ठेवून म्हणाली, "मामंजींना कमी ऐकू येतंय, जोरात बोला," आणि आत गेली.

"काका, मी कडूबाचा पोरगा. फायरमन कडूबा, केदारखेड्याचा."

म्हाताऱ्यानं अंगणाकडे मान वळवली. "एक पोरगं होतं त्याला," तो म्हणाला.

"तेच मी."

अंगदनं रुमाल सोडला आणि व्हॉल्व्ह त्याच्या हातात दिला. बोलायची गरजच पडली नाही. म्हाताऱ्याच्या वाकड्या बोटांनी ते चाक उजवीकडे फिरवत नेलं, शेवटाला लागलं तशी बोटं थांबली.

"वरचा हाये हा," तो म्हणाला. "सकाळी काच गळू राह्यली होती. वाफ तोंडावर येत होती. मी हे बंद केलं, नट कसला. तेवढ्यात सिग्नल पडला. उघडायचं राहून गेलं."

"माझ्या बापाला माहीत होतं?"

"कसं असंल? तो पाठमोरा कोळसा फोडू राह्यला होता. त्याचं रोजचं इंजिन दुसरं. ह्याच्यावर पहिल्यांदाच आल्ता."

"अन् तुम्ही सांगितलं तो झोपला होता."

"तीन साहेब बसल्ते समोर. पुसलं, फायरमन जागा होता का? माझे तीन लेकरं घरी. नोकरी जाती, जेल होती. तो तर गेल्ताच. मेलेल्या माणसाचं काय जातंय, असं वाटलं तवा." त्याचा आवाज बारीक झाला. "मी खाली उतरलो तवा त्यानं फडक्यानं काच पुसली. म्हणला, उस्ताद, पाऊण काच पाणी हाये, बेफिकीर जावा."

रस्त्यानं घोकत आणलेल्या शिव्यांतली एकही अंगदला आठवेना. त्यानं नको होतं तेच विचारलं.

"लगेच गेला का?"

"न्हाई." म्हाताऱ्यानं चाकावरचं बोट काढलं नाही. "दवाखान्यात न्हेस्तोर बोलत होता. पोराचा ताप उतरला का, तेवढंच पुसायचा. मी म्हणलो, उतरला. पुन्हा पुसायचा."

आत भांडं पडल्याचा आवाज झाला. राधेश्यामनं हात पुढं केला. "लिहून घे. सही करतो मी."

अंगदनं वहीच्या कागदावर लिहिलं: चाक मी बंद केलं, कडूबा जागा होता, त्याची काही चूक नव्हती. खाली राधेश्यामची सही कागदाच्या उजव्या कडेपर्यंत घसरत गेली. व्हॉल्व्ह मात्र म्हाताऱ्यानं परत दिला नाही आणि अंगदनंही मागितला नाही.

तो घरी आला तेव्हा दुपार कलत होती. द्वारकाबाई दारात सूप घेऊन तूरडाळ निवडत बसली होती. अंगद तिच्यासमोर खालीच बसला आणि त्यानं कागद मोठ्यानं वाचून दाखवला. तिला वाचता येत नव्हतं.

"जागा होता?" तिनं विचारलं.

"बिलकुल जागा होता, माय. डायवरची चूक. त्याची न्हाई, अन् माझ्या तापाची बी न्हाई."

आई रडेल, निदान सुस्कारा सोडेल, असं अंगदला वाटलं होतं. परतूरपासून तो त्याचीच वाट बघत आला होता. द्वारकाबाईचे हात डाळीत तसेच थांबले.

"मला त्याचं तोंड दाखवलं न्हाई रेल्वेवाल्यांनी," ती म्हणाली. "पेटी खिळे ठोकून आणली. मी डोकं आपटू राह्यले, तवा एक साहेब जवळ आला. म्हणला, बाई, तो झोपेत गेला, त्याला काही म्हंजे काही कळलं न्हाई." तिनं डाळीतला एक खडा उचलला आणि तसाच चिमटीत धरला. "लोकं नावं ठेवायची. म्हणलं, ठेवू द्या. झोपेत गेला ना, बस झालं. त्याच्यावर दिवस काढले मी."

अंगदनं कागद मांडीवर ठेवला.

"जागा होता म्हंजे त्याला समजलं असंल," द्वारकाबाई म्हणाली.

"न्हाई माय. लगेच गेला. एका झटक्यात."

"डायवर म्हणला असं?"

"हां."

"कागदात लिवलं हाये?"

अंगदनं कागदाकडे पाहिलं. सहीच्या खाली तो कोरा होता.

"लिवलंय."

"मंग ते का न्हाई वाचलं? वाच."

त्यानं कागद जवळ धरला आणि कोऱ्या जागेवर बोट ठेवून वाचलं, "कडूबाला काही समजायच्या आत तो गेला. त्याला कसलाच त्रास झाला नाही."

"पुन्हा एकदा वाच."

अंगदनं पुन्हा वाचलं. या खेपेला शब्द वेगळे आले. ते त्याच्या लक्षात आलं तेव्हा वाक्य संपलेलं होतं.

द्वारकाबाई त्याच्याकडे बघत राहिली. मग चिमटीतला खडा तिनं अंगणात टाकला, सूप मांडीवर ओढलं आणि खाली मान घालून डाळ निवडायला लागली.