चार बोटं कमी

लडकू नाखवा सकाळपासून बसला नव्हता. लोधिवलीत हिरामण मिस्तरीच्या अंगणात आडव्या ठेवलेल्या लाकडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तो चालत होता आणि प्रत्येक फेरीत त्याची सावली हिरामणच्या हातावर पडत होती.

“नाखवा, बोटं तुटतील माझी,” हिरामण म्हणाला. “सरका की उजेडातनं.”

“किती दिस अजून?”

“मगाशी सांगितलं तेवढंच.”

१९६७ सालचा मे महिना होता. लडकूचा मचवा करंजाचा. अमावास्येच्या उधाणाला तो कौले घेऊन पाताळगंगेत वर आला होता. रसायनीत नव्या चाळी उठत होत्या आणि पाण्याच्या वाटेने आणलेली कौले कमी फुटत. माल उतरवून परतताना एका वळणावर वाऱ्याचा झोत आला. डोलकाठी आतून कुजली होती, हे मोडल्यावर कळले. शीड पाण्यात गेले आणि ऐन भरतीने मचवा चिखलाच्या उंचवट्यावर नेऊन बसवला.

इतके उंच पाणी आता पौर्णिमेच्या उधाणालाच येणार होते. त्यानंतरचे उधाण जूनच्या अमावास्येचे, म्हणजे पावसाचे. तोवर समुद्र बंद होतो आणि नदी डोंगराचे पाणी घेऊन फुगते. चिखलात अडकलेला मचवा मग फळीफळीने वाहून जातो. लडकूने असा एक मचवा जाताना पाहिला होता. तो त्याच्या चुलत्याचा होता.

दोन खलाशी मचव्यावरच राहिले होते. उन्हाने फळ्यांच्या फटी उघडू नयेत म्हणून ते दिवसभर बादल्यांनी पाणी मारत. ते मारतात की झोपतात हे पाहायला लडकू रोज लोधिवलीहून खाडीवर चालत जाई आणि तिथून, मिस्तरी काम करतो की झोपतो हे पाहायला, परत येई.

लाकूड मिळवण्यातच पहिला आठवडा गेला होता. चौक, कर्जत, कशेळे, सगळीकडच्या वखारी त्याने पालथ्या घातल्या. साग होता, पण सोळा फुटांच्या वर एकही नाही. ट्रकच्या हौद्यात मावेल एवढेच ओंडके जंगलातून कापून येत. लडकूला बावीस फूट हवे होते. कर्जतच्या एका वखारवाल्याने विचारले, “दोन जोडले तर?” लडकू तडक बाहेर पडला.

हिरामण घरे बांधणारा सुतार होता. लांब लाकूड आता जुन्या छपरातच मिळते, हे त्याला ठाऊक होते. कशेळ्याच्या नागूने राहते घर उतरवायला काढले होते. त्याच्या छपराचे आढे हिरामणच्या बापाने चढवलेले. सागाचे, धुराने काळे पडून लोखंडासारखे झालेले. हिरामणच्या गावच्या गजाने दोन बैलगाड्या एकामागे एक लावून ते लोधिवलीला आणले. दोन दिवस लागले. प्रत्येक वळणावर मागची गाडी हाताने उचलून फिरवावी लागली. वाळवी लागलेली दोन्ही टोके कापल्यावर लाकूड बरोबर बावीस फूट भरले. वर काही उरले नाही.

नमुन्यासाठी लडकूने मोडक्या काठीचा बुडाचा तुकडा खांद्यावरून आणून दिला.

“ह्याच्याबरहुकूम करा. आन बोटभर कमी नको. शिडाचा आडवा वासा, परभाण, खाली येती मग, मान्सांच्या टाळक्यात बसती.”

“मी बत्तीस वर्सं घरं उभारतो, नाखवा. एक खांब कलला असंल तर दाखवा.”

पौर्णिमेला तीन दिवस उरले तेव्हा काठी गोल होऊन आली होती. लडकूच्या फेऱ्या वाढल्या होत्या. हिरामणची बायको बायजा पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली.

“नाखवा, अजून चार दिस असंच चाला. यंदा अंगणाला चोपणी नको मारायला.”

लडकू पाणी प्यायला, तेही उभ्याने. हिरामणने हत्यार खाली ठेवले.

“ऐका. उद्या बूड कापायचं हाय, नाजूक काम हाय. उद्या तुमी माझ्या अंगणात नको. मचव्यावर जावा, नायतर कर्जतला सिनेमाला जावा.”

“पण…”

“तुमी हाय तवर करवत लावणार नाय मी.”

लडकू गेला.

दुसऱ्या दिवशी हिरामणने जुन्या तुकड्याला गुण्या लावला. बूड काटकोनात नव्हते. एका बाजूने चांगली दोन बोटे तिरपे होते आणि त्याखालचे कुसू, म्हणजे मचव्याच्या तळातल्या खाचेत बसणारा टोकाचा चौकोनी दांडा, तेही त्याच तिरप्याने कोरलेले होते.

“कुणी दारूच्या तारेत कापलं गं हे?” तो म्हणाला.

बायजाने वाकून पाहिले. “तसंच आसंल त्यांच्यात. नाखवाला इचारा की.”

“त्यालाच तर हाकलला. आन गुण्या हातात असताना मानसाला काय इचारायचं?”

त्याने कुसू सरळ कोरले. दुपारभर एकटाच काम करत होता. कोणाची सावली नव्हती, हात छान चालला.

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी, सकाळी अकराला गजाच्या गाड्या खाडीवर पोचल्या. दीड वाजता पाणी पुरे चढेल, असा लडकूचा हिशेब होता. मचवा दोन्ही बाजूंनी टेकू देऊन सरळ उभा केलेला होता. खलाशी, गजा, हिरामण आणि लडकू यांनी दोर लावून काठी उचलली आणि कुसू तळातल्या खाचेत उतरवले. ते असे घट्ट बसले की दोर सोडले तरी काठी हलली नाही. हिरामणने ओळंबा सोडला. दोरी काठीला लागून वरपासून खालपर्यंत एकसारखी राहिली.

“देवळाच्या खांबावानी उभी हाय, मिस्तरी,” गजा म्हणाला.

लडकूने काठीच्या पुढ्यात हात घातला. मचव्यात छातीच्या उंचीवर एक आडवी तुळई होती आणि तिच्यात काठी धरून ठेवायला अर्धगोल खोबण होती. काठी त्या खोबणीत टेकायला हवी होती. ती वीतभर मागे उभी होती. लडकूने वाकून बुडाकडे पाहिले. मग तो मचव्याच्या काठावर बसला. पंधरा दिवसांत तो बसलेला कोणी पाहिला नव्हता.

“बुडाला तिरपा होता,” तो म्हणाला.

“व्हता.”

“कुठं गेला?”

“मी काढला. मला वाटलं, जुन्या मिस्तरीची चूक.”

“जुना मिस्तरी म्हंजे माजा आजा.”

गजा बैलांकडे बघू लागला.

“काठी पुढं वाकलेली असती, मिस्तरी, शिडासाठी. घर बांधलंय का मी? छप्पर घालणार हाय तिच्यावर?”

“तुमी तिथं असता तर दाखवलं असतं.”

“मला हाकलला कुणी?”

“मीच,” हिरामण म्हणाला.

पाणी टेकूंच्या मुळाशी आले होते. पावणेबारा वाजले होते. हिरामणने पिशवीतून करवत काढली.

“काठी उतरवा. बूड नव्यानं कापतो. चार बोटं जातील.”

“चार?”

“कुसू परत कोरायचं तर तेवढी जाणार. दुसरा विलाज नाय.”

लडकू उठला आणि दोराला जाऊन भिडला.

काठी मचव्यातच आडवी केली. जुना तुकडा घरी राहिला होता. तिरपा किती घ्यायचा, हे पाहायला हिरामणने सवयीने ओळंबा उचलला. तेवढ्यात पाण्याने मचव्याला खालून पहिला धक्का दिला आणि ओळंबा या बाजूने त्या बाजूला हलू लागला. तो थांबण्याची हिरामणने वाट पाहिली. तो थांबेना.

“ठेवा ती दोरी,” लडकू म्हणाला. त्याने कोपरापासून हात सरळ उभा धरला आणि मग पंजा थोडा पुढे झुकवला. “एवढी. माज्या हाताकडं बघा आन रेघ मारा.”

“एवढी?”

“अजून. अजून जरा. बास.”

हिरामणने पेन्सिलीने रेघ मारली आणि त्याच रेघेवर करवत लावली. एकदा तरी गुण्या लावून बघावा असे त्याच्या हाताला वाटत होते. त्याने पटाशी घेतली. छिलपे पाण्यात पडू लागले. आधी ते चिखलावर अडकत होते, मग तरंगून वरच्या अंगाला जाऊ लागले. लडकू छिलपे बघून पाण्याची चाल सांगत होता आणि मचव्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होता. त्याची सावली हिरामणच्या हातावर पडत होती. हिरामणने या खेपेला त्याला हटकले नाही.

एक वाजून वीस मिनिटांनी छिलपे जागच्या जागी थांबले. मचवा पूर्ण तरंगत होता. हलत्या मचव्यात पाच जणांनी काठी पुन्हा उभी केली. एकदा ती डावीकडे कलली तेव्हा एका खलाशाचा खांदा सोलला. कुसू खाचेत उतरले. काठी पुढे झुकली आणि खोबणीत जाऊन टेकली. हिरामणने भोवती पाचरी ठोकल्या. शेवटची पाचर बसेपर्यंत छिलपे खालच्या अंगाला निघाले होते.

“उतरा, नायतर करंजाला याल,” लडकू म्हणाला.

हिरामण पिशवी डोक्यावर घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उतरला. काठावर येऊन वळला तोवर मचवा बांबूच्या रेट्याने मधल्या धारेत गेला होता आणि परभाण वर चढत होती.

“वाकडी हाय की, मिस्तरी,” गजा म्हणाला.

“आसू दे.”

शीड भरले. परभाण मचव्यावरून फिरली, दोन्ही खलाशी खाली वाकले, पण एकाची टोपी गेलीच. लडकू सुकाणू धरून उभा होता. तो मागे वळून, हात वर करून, चार बोटे दाखवत ओरडू लागला. वाऱ्याने अर्धे शब्द नेले. मचवा वळणाशी पोचला, जिथे आधीची काठी मोडली होती तिथेच, आणि थोडा कलला. हिरामणने डोक्यावरची पिशवी खाली घेतली नव्हती. काठी झुकलेलीच राहिली आणि बांधामागून पुढे सरकत गेली. लडकू अजून ओरडत होता.

“काय म्हणतो?” गजाने विचारले.

हिरामणला उरलेले अर्धे नीट ऐकू आले होते.

“पोचतो म्हणतो,” तो म्हणाला.