हिद्दच्या गोलपोस्टने पाहिलेली निवड

मित्रांनो, आखातातल्या हिद्द गावाच्या टोकाला समुद्राकडे पाठ करून उभा असलेला हा लोखंडी गोलपोस्ट म्हणजे मी. दोन उभे खांब आणि त्यांच्या डोक्यावर एक आडवा पाइप, एवढाच माझा देह. आता मी जुना झालो आहे. हिवाळ्यात सकाळी समुद्रावरून धुकं येतं, मैदानाची कड त्यात विरघळते, बंदरावरच्या क्रेन नुसत्या सावल्यांसारख्या दिसतात. अशा वेळी मी डोळे मिटल्यासारखा उभा राहतो आणि मला पुन्हा त्या मुलींची धावपळ ऐकू येते.

माझा जन्म मैदानाशेजारच्या वर्कशॉपमध्ये झाला. देवरुखहून आलेल्या शंभू नावाच्या वेल्डरने कामातून उरलेले पाइप जोडून मला बनवलं. माझे दोन पाय एका जाडीचे नाहीत. शंभूने लांब जाऊन मला न्याहाळलं आणि तो म्हणाला, "चालंल. उभा ऱ्हायला म्हंजे झाला." मग त्याने मला पांढरा रंग दिला. त्या ओल्या रंगावर वाळूचे कण येऊन बसले. ते अजून माझ्या अंगावर आहेत.

मैदानाच्या दुसऱ्या टोकाला माझा जोडीदार उभा राहिला. संध्याकाळी कामगार खेळत, पण शुक्रवारची, म्हणजे सुट्टीच्या दिवसाची, सकाळ बायकांची होती. कोणी नर्स, कोणी शाळेत शिकवणारी, कोणी ऑफिसात बसणारी. कोकणातून आणि घाटावरून इथे आलेल्या या मुली बूट घालून वाळूत उतरल्या की वेगळ्याच होऊन जात.

त्यांचे चार संघ होते. दर हिवाळ्यात ते मोडायचे आणि नव्याने बांधायचे. सगळ्या खेळाडू चुन्याच्या रेघेवर उभ्या राहत आणि चार कप्तान आळीपाळीने एकेकीला निवडत. याला त्या ड्राफ्ट म्हणत. मागच्या वर्षी जो संघ शेवटचा आला असेल, त्याला पहिली निवड मिळे, म्हणजे दुबळ्याला जरा बळ यावं.

त्या वर्षी पहिली निवड आतिकाची होती. ती मूळची खेडची, जुफैरला राहायची आणि दातांच्या दवाखान्यात काउंटर सांभाळायची. तिचा संघ शेवटचा का आला, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? त्यांच्याकडे धड गोलकीपर नव्हती. चेंडू यायचा आणि सरळ माझ्या जाळ्यात शिरायचा.

आतिकाची धाकटी बहीण इक्रा हे पाहून गोलकीपर व्हायला निघाली. भर उन्हाळ्यात, वारासुद्धा भाजतो अशा दिवसांत, ती माझ्या दोन खांबांमध्ये उड्या मारायची. कोपरं सोलायची, पुन्हा उठायची. फार चांगली नव्हती ती. पण तिची इच्छा मला लोखंडातून जाणवायची.

निवडीच्या आदल्या आठवड्यात दोघी मला टेकून डबा खात बसल्या होत्या.

"आपा, पहिलं नाव माझंच ना? शुअर ना?" इक्राने विचारलं.

आतिकाने डबा तिच्याकडे सरकवला. "खा आधी. थंड होतंय."

इक्राने ते उत्तर 'हो' असं धरलं. मीही तसंच धरलं.

पण त्याच सकाळी मैदानावर एक नवी मुलगी आली होती. अश्विनी तिचं नाव. इस्पितळात नर्स होती आणि कोल्हापूरची होती. तिच्या घरात बापापासून चुलत्यांपर्यंत सगळे फुटबॉल खेळणारे. तिच्या पायाला चेंडू लागला की तो शहाण्या वासरासारखा तिच्यामागून चालायचा. तिने मारलेला पहिलाच फटका माझ्या आडव्या पाइपवर आदळला आणि मी बराच वेळ घुमत राहिलो. इतकं सुंदर दुखणं मी त्याआधी सोसलं नव्हतं.

निवडीच्या दिवशी आतिका माझा खांब धरून उभी होती. नसीमा ही दुसरी कप्तान. तिची जुनी गोलकीपर व्हिसा संपून गावी गेली होती. नसीमा आतिकाला म्हणाली, "तुला गोलकीपर पायजे. पुढे खेळणाऱ्या तर तुझ्याकडे हव्या तेवढ्या हायत."

"माहितीय," आतिका म्हणाली. "पण अशी खेळाडू रेघेवर रोज उभी नसते गो. गरज काय, ती दर वर्षी वेगळी असते."

"मग आज गोलात कोण उभी राहणार?"

आतिकाने माझा खांब सोडला. ती पुढे गेली आणि तिने नाव घेतलं, "अश्विनी."

इक्रा एक पाऊल आधीच पुढे आली होती. ते पाऊल तिने हळूच मागे घेतलं. मित्रांनो, ते मागे घेतलेलं पाऊल मला आजही दिसतं. नसीमाची पाळी येताच तिने लगेच इक्राचं नाव घेतलं, आणि इक्रा मान खाली घालून तिच्या मागे जाऊन उभी राहिली.

त्यानंतर दोघी बहिणी एकाच गाडीतून यायच्या, पण गाडीची दोन दारं वेगवेगळ्या वेळी उघडायची. डबे दोन झाले. एक माझ्यापाशी उघडायचा, दुसरा पार समोरच्या गोलपोस्टपाशी.

आतिकाचा संघ गोल करत सुटला आणि गोल खातही सुटला. अश्विनी पुढे जादू करायची आणि मागे, कोणाचीही इच्छा नसताना, आळीपाळीने एकेकजण गोलात उभी राहायची. तरी ते जिंकत गेले. तिकडे नसीमाकडे इक्रा शिकत होती. कोणी तिला बहीण म्हणून सांभाळून घेत नव्हतं. चुकली की ओरडा बसे, अडवलं की पाठीवर थाप पडे. हिवाळा संपता संपता तिच्या हातांना चेंडू चिकटू लागला.

अंतिम सामना या दोन संघांतच झाला. त्या सकाळी धुकं इतकं होतं की मुहर्रकच्या विमानतळावर उतरणारी विमानं दिसत नव्हती, नुसती ऐकू येत होती. पूर्वार्धात आतिकाचा संघ माझ्या बाजूला होता. गोलात हिना उभी होती, आतिकाच्या दवाखान्यातली मैत्रीण. तिने एक जोरदार फटका अडवायला हात घातला, बोट मुरगळलं, आणि चेंडू आत गेला. नसीमाचा संघ एका गोलने पुढे गेला.

मध्यंतरात सगळ्या माझ्यापाशी जमल्या. हिनाचं बोट सुजत होतं. तेव्हा अश्विनी बुटांच्या नाड्या बांधत म्हणाली, "मी राहतो गोलात."

"तू?" आतिका चमकली. "तुला तर पुढे खेळायला घेतलंय."

"मला घेतलंस का माझ्या जागेला घेतलंस?" अश्विनी म्हणाली. "फटका कुठं येणार, हे मारणाऱ्यालाच कळतंय की. दे ते हातमोजे."

उत्तरार्धात बाजू बदलल्या. अश्विनी दूर, धुक्यात, माझ्या जोडीदारापाशी गेली. तिथून नुसते टाळ्यांचे आवाज येत होते, पण गोल झाल्याची आरोळी एकदाही आली नाही. माझ्यापाशी आता इक्रा उभी होती. सामना संपत आला तेव्हा तिच्या संघातल्या कोणाचा तरी हात चेंडूला लागला आणि आतिकाच्या संघाला पेनल्टी मिळाली. चेंडू ठेवायला स्वतः आतिका आली.

दोघींमध्ये आता फक्त काही पावलांची वाळू होती. कित्येक आठवड्यांनी त्यांनी एकमेकींच्या डोळ्यांत पाहिलं. आतिकाने मनापासून मारलं, मुद्दाम हळू नाही. इक्रा डावीकडे झेपावली आणि तिने चेंडू छातीशी धरला.

शिट्टी वाजली. नसीमाचा संघ जिंकला. आतिकाची निवड बरोबर होती की चूक, यावर बायका नंतर कितीतरी शुक्रवार वाद घालत राहिल्या. मागच्या वर्षी शेवटचा आलेला संघ अंतिम सामन्यापर्यंत आला, असं एक म्हणायची. गोलकीपर असती तर जिंकला असता, असं दुसरी म्हणायची. मला काही ठरवता आलं नाही.

पण त्या सकाळी सगळ्या चषकाकडे धावल्यावर आतिका माझ्यापाशी आली. इक्रा चेंडू धरून तशीच बसली होती.

"छान अडवलंस," आतिका म्हणाली. "अजून राग हाय माझा?"

"हाय," इक्रा म्हणाली. "तू अश्विनीला घेतलंस त्याचा नाय. मी असते तर मीपण तिलाच घेतली असती. पण आपा, मी विचारलं होतं तुला. घरी तरी सांगायचं होतंस. मी सगळ्यांसमोर पाऊल पुढे टाकलं."

आतिका वाळूत बसली. "धीर नाय झाला गो," ती म्हणाली, आणि लहान मुलीसारखी रडली. इक्राने चेंडू बाजूला ठेवला आणि तिला जवळ ओढलं. धुक्यातून ऊन हळूहळू खाली उतरत होतं.

आता जवळच हिरव्या गालिच्याचं नवं मैदान झालं आहे. तिथे चकाकणारे, हलके गोलपोस्ट आहेत. मुली तिकडेच जातात. माझं जाळं फाटलं, खाऱ्या हवेने माझे तळवे खाल्ले. कोणी मासेमार कधी आपली ओली जाळी माझ्यावर वाळत घालतो, तेवढाच माझ्या अंगाला स्पर्श.

मित्रांनो, मला पुन्हा निवडा असं मी म्हणत नाही. जमलं तर माझ्यासारख्या जुन्या लोखंडाला रंगाचा एक हात द्या, म्हणजे ते आणखी काही हिवाळे उभं राहील. आणि तुम्हालाही पुढे कधी निवड करावी लागेल. चांगल्याला घ्या, नाहीतर गरजेला घ्या, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण ज्याचं नाव तुम्ही घेणार नाही, तो आशेने रेघेवर येऊन उभा राहण्याआधी त्याच्याजवळ जा, शेजारी बसा, आणि स्वतःच्या तोंडाने त्याला सांगा.