मध्यावरचा बंकर

गोल्फची मैदानं आखणं हा माझा धंदा आणि त्यांवर खेळून पोट भरणं हा माझ्या धाकट्या भावाचा. लोकांना वाटतं, काय छान जोडी आहे. आपलेच दात नि आपलेच ओठ, एवढंच मी म्हणते.

क्लबचं जुनं मैदान नव्यानं आखायचं काम मला मिळालं, तेव्हा कमिटीनं अठरापैकी सतरा होलांवर माझ्या नकाशाचे लचके तोडले. मी मुकाट्यानं सोसलं. अकरावं मात्र सोडायचं नाही असं ठरवलं होतं. तिथं कापलेल्या गवताच्या पट्टीच्या ऐन मध्यावर मी बंकर, म्हणजे वाळूचा एक खड्डा, आखला होता. डावीकडून गेलात तर तळ्याचा धोका, पण पुढचा फटका सोपा. उजवीकडे ऐसपैस जागा, पण पुढचा फटका जीव काढणारा. दोन्ही नको असतील तर गपचूप अलीकडे थांबा. सभासद पुढच्या टीवरून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवरून, मारणार, व्यावसायिक मागच्या. ज्याचा त्याचा नेहमीचा चांगला फटका त्या बंकरातच येऊन पडावा, असं मी चार दिवस पावलं मोजून ठरवलं आणि लाल खुंट्या ठोकल्या.

"मॅडम, मध्यावर कुणी खड्डा काढतं का?" सेक्रेटरी कुरकुरले.

तिथं मला दुर्बुद्धी सुचली. म्हटलं, माझ्या भावाला बोलावते, त्याला मारू दे, तुम्ही स्वतः बघा.

धाकटा आला. सगळी कमिटी टीमागे उभी राहिली. त्यानं नेहमीसारखे दहा चेंडू मारले. नऊ माझ्या खुंट्यांच्या आत पडले आणि दहावा तळ्यात गेला. मी टाळ्या वाजवायच्याच बाकी ठेवल्या होत्या.

"बघा, पाऊलभरही चुकलेलं नाही."

"म्हणजे," सेक्रेटरी म्हणाले, "दहातले नऊ उत्तम फटके खड्ड्यात."

"अहो, म्हणूनच तो तिथं आहे. मारण्याआधी माणसानं विचार करावा म्हणून."

कमिटीतले एकमेकांकडे बघू लागले. मी हात दाखवून अवलक्षण करून घेतलं होतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यांवरून कळायला हवं होतं.

चेंडू गोळा करताना धाकटा हळूच म्हणाला, "ताई, दहाव्याला मी मुद्दाम बंकर चुकवायला बघत होतो. डावीकडे मारू की उजवीकडे, ठरेचना. हात घामेजले बघ."

मला इतका आनंद झाला की मी त्याच्या पाठीत धपाटा घातला. "हेच उद्या मीटिंगमध्ये सांग."

"वेडी आहेस का? घाबरलो म्हणून सांगू?"

"अवघड आहे, एवढं सांग. तेवढं पुरे."

"बघतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी लांबलचक टेबलावर माझा नकाशा पसरला होता आणि त्याच्या कोपऱ्यांवर चहाचे कप ठेवले होते. धाकटा माझ्याकडे न बघता, नकाशाकडे बघून बोलला. "सरळ मध्यावर मारलेल्या फटक्याला शिक्षा होता कामा नये. हा बंकर अन्यायकारक आहे. तो बुजवा आणि दोन्ही कडांना एकेक ठेवा."

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. याला नाचता उत्तम येतं, आणि म्हणूनच जिथं स्वतः नाचायचं ते अंगण याला सपाट हवं होतं.

"कडेच्या बंकरात कोण पडणार?" मी विचारलं. "ज्याचा चेंडू आधीच वाकडा गेलाय तो. तुझा कधी जाणार तिथं?"

"चांगलं खेळणाऱ्याला बक्षीस मिळायला नको का, ताई?"

"घरचाच माणूस म्हणतोय," अध्यक्ष हसून म्हणाले, "मग प्रश्नच मिटला."

प्रश्न मिटला. खुंट्या उपटल्या, आणि बदललेल्या नकाशावर सही मलाच करावी लागली. बाहेर गाडीपाशी धाकटा म्हणाला, "मनाला लावून घेऊ नकोस." मी त्याच्याशी सात महिने बोलले नाही.

क्लबात दातांचे एक निवृत्त डॉक्टर खेळतात. त्यांचा चेंडू जन्मापासून उजवीकडे वळतो. मध्यावरचा बंकर असता तर ते शहाण्यासारखे अलीकडे थांबले असते. आता दर रविवारी उजव्या कडेच्या बंकरात उतरून ते वाळू उडवत बसतात. "मॅडम, हा खास माझ्यासाठी खणलात का?" त्यांनी एकदा विचारलं. सरळ मारणाऱ्याला मोकळं रान आणि धडपडणाऱ्याला खड्डा, असं मैदान माझ्या सहीनं उभं राहिलं होतं.

आठव्या महिन्यात धाकट्याचा फोन आला.

"ताई, मला एक मैदान मिळालंय. डिझायनर म्हणून माझं नाव लागणार आहे. नकाशे तू काढशील ना?"

मी हातातली पेन्सिल खाली ठेवली.

"आणि ऐक, तुझा तो मध्यावरचा बंकर घालूया. लोक नाव काढतील."

"तो अन्यायकारक होता ना?"

"अगं, तिथं मला थोडंच खेळायचंय," तो म्हणाला आणि मनापासून हसला.

माझ्या तोंडात शिवी आली होती. फोन आपटावा, जन्मात पुन्हा त्याचं तोंड बघू नये असं वाटलं. पण तो बंकर एकदा तरी खऱ्या जमिनीवर बघायची हाव त्या रागाहून मोठी निघाली, आणि याची मला लाज वाटली. जमीन कुठल्या बाजूला उतरते, एवढंच मी त्याला विचारलं आणि कोरा कागद पुढे ओढला.