पेटाऱ्याने तोंड उघडले नाही

मी एक जुना पेटारा आहे, मित्रांनो, पण मला गरीब बिचारा समजू नका. पालीच्या सुताराने फणसाच्या लाकडातून मला घडवले आणि रत्नागिरीच्या एका लहानशा बँकेत आणून बसवले. ठेवीदारांच्या खातेवह्या माझ्या पोटात असत. माझी किल्ली कारकून गंगारामच्या कनवटीला असे.

एक बाई सुंभ वळून चार पैसे साठवी. तिचे खरे नाव मी सांगणार नाही. सगुणा म्हणू या. नवरा बोटीवर, घरचा कारभार दिराच्या हातात. ती गंगारामला म्हणाली, "भाऊ, दिरास कळला तर पैसे जातील नि माज्या मथुराची शाळा सुटेल." त्याने मान हलवली आणि वही माझ्यात ठेवली.

१९३१च्या वार्षिक सभेत अध्यक्ष सखारामपंतांच्या मनात आले, की ठेवीदारांची नावे रकमांसह वाचून दाखवावीत, देवळात देणग्या वाचतात तशी. माणूस वाईट नव्हता. त्यांना वाटले, हा मानच आहे. पण समोरच्याच बाकावर सगुणाचा दीर बसला होता. मी झाकण घट्ट आवळून धरले.

"गंगाराम, वही काढ."

"नाय काढणार, पंत. देणगी देवाची होते. ठेव ज्याची त्याचीच ऱ्हाते. सांगायची की झाकायची, ता त्यानंच ठरवायचा."

"नोकरी जाईल!"

"जाऊ दे."

हरिश्चंद्रशेट नावाचे व्यापारी मागून उठून ओरडले, "वाचा की! लपवायचाय काय?"

"मग तुमच्यापासनंच सुरू करू?" गंगारामने विचारले.

शेटनी शेजारच्या भावाकडे पाहिले आणि ते गपकन खाली बसले.

पंतांनी रागाने स्वतःच माझी कडी ओढली. कडी त्यांच्या हातात आली. झाकण तसूभर हलले नाही. सभा हसली. मग एकेक जण म्हणू लागला, "ऱ्हाऊ दे हो, पंत." प्रत्येकाच्या शेजारी कोणी ना कोणी नातलग होताच. पंतांनी कडी टेबलावर ठेवली आणि पुढचा विषय घेतला.

गंगारामची नोकरी टिकली, पगारवाढ मात्र पाच वर्षे अडली. त्याने एकदाही तक्रार केली नाही. मथुरा शिकली, मास्तरीण झाली.

आता १९३८ साल आहे. बँकेत लोखंडी तिजोरी आली आणि मी कोपऱ्यात पडलो. वाळवी अंगावर चढते आहे. पण पुसा मला, जपा मला, म्हणून मी हात जोडणार नाही. मागणे एवढेच आहे, की कोणी विश्वासाने काही सांगितले, तर मोठ्या माणसाने दरडावले तरी ते जपा.

आणि सगुणाचे रुपये किती होते, हा प्रश्न तुमच्या ओठांवर आला असेल, तर तो तसाच गिळा. मी सांगणार नाही.