माझ्या पानांवरचे शेवाळ

मी एक जुनी पाणवनस्पती आहे. मित्रांनो, दातांच्या दवाखान्यात आपला नंबर येईपर्यंत तुम्ही ज्या काचेच्या पेटीतले मासे बघत बसता, तशाच एका पेटीत मी राहते. माझी पाने जाड, वाढ फार सावकाश. मला वाळूत पुरत नाहीत. माझे आडवे खोड दगडाला दोऱ्याने बांधले आहे. ते बांधले मास्तरांनी, म्हणजे इथल्या डॉक्टरीणबाईंच्या वडिलांनी.

मास्तर शिंपी होते. मोठ्या दुखण्यातून उठल्यावर त्यांचा उजवा हात थरथरू लागला आणि दुकान बंद झाले. घरी बसून ते झुरतील म्हणून लेकीने ही पेटी त्यांच्या हवाली केली. मास्तरांनी तिच्यावर जीव लावला. दाढ दुखणारी मुले रडू लागली की ते त्यांच्या हातून माशांना खाऊ घालत. पेटीतला दिवा दिवसभर चालू ठेवत. लोक म्हणत, "रोप काय तजेलदार आहे!" मीही सुखावत असे.

अति तिथे माती म्हणतात. आमच्याकडे अति तिथे शेवाळ. उरलेला खाऊ तळाशी कुजू लागला, वर उजेड मुबलक. आधी माझ्या सर्वांत जुन्या पानाच्या कडेला काळपट ठिपके आले, मग केसांसारखी हिरवी लव. मला अंग झटकता येत नाही. खालच्या पानांना उजेड मिळेना. ती पिवळी पडली, दोनतीन पानांना भोके पडली. रोज सकाळी दिवा लागला की मला वाटे, आज कोणत्या पानाची पाळी?

मास्तरांना वाटले, रोप कोमेजते आहे, म्हणजे उजेड कमी पडतो. त्यांनी दिवा आणखी उशिरापर्यंत ठेवला. शेवाळाचे फावले.

एके दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाबा, पेशंट नाकं मुरडतात. रविवारी हे सगळं काढू आणि प्लास्टिकची रोपं लावू."

मास्तरांनी पेटीच्या काचेवर हात ठेवला. मग म्हणाले, "आणि मी काय करू? प्लास्टिकला माझी काय गरज?"

बाईंनी हातमोजे काढले, खुर्ची ओढली आणि तोंडात डोकवावे तशा पेटीत डोकावल्या. "पाणी कधी बदललंत?"

"रोज वरून भर घालतो की."

"म्हणजे दात न घासता नुसती चूळ. आणि खाऊ?"

"मुलं मागतात गं."

"दिवसभर खात राहणाऱ्या मुलांना मी काय सांगते, ते तुम्ही रोज ऐकता," त्या हसून म्हणाल्या.

त्यांनी मऊ ब्रश आणला. मला दात नाहीत, तरी ब्रश मिळाला! बरी पाने त्यांनी हलकेच घासली. पण सडलेली पाने कापायलाच हवी होती. त्यांनी कात्री उचलली.

"दे इकडे," मास्तर म्हणाले.

"बाबा, तुमचा हात..."

"माहीत आहे. तू मनगट धर."

कात्रीचे पाते माझ्या खोडाजवळ थरथरत होते. एक पान गेले, दुसरे गेले. तिसऱ्याला हात निसटला आणि पानासकट खोडाचा तुकडाच तुटला. मास्तरांनी कात्री खाली ठेवली. "झालं. हे मला जमायचं नाही आता."

बाईंनी तो तुकडा उलटून पाहिला. "याला मुळं आहेत, बाबा. बांधून बघू." मास्तरांनी दोरा धरला, बाईंनी गाठ मारली.

मग दिवा थोडाच वेळ लागू लागला. दर आठवड्याला थोडे पाणी बदलले जाई, खाऊ चिमूटभर. तरीही एका कडेला पुन्हा लव दिसली, तेव्हा मी फार घाबरले. मास्तर मात्र भिंग घेऊन रोज बघत राहिले. अखेर मला एक गुंडाळलेले, कोवळे पान फुटले, त्या तुकड्यालाही. पुढच्या छाटणीला बाईंनी मनगट धरले नाही. त्या नुसत्या शेजारी उभ्या राहिल्या.

मित्रांनो, पानावर शेवाळ दिसले तर रोप उपटून फेकू नका. उजेड, खाऊ आणि पाणी आधी तपासा. सडलेले पान पुन्हा हिरवे होत नाही, ते कापा. पण खोडाला संधी द्या. आम्हाला ओरडता येत नाही. आमचे दुखणे पानावरच उमटते, आणि ते कुणीतरी वेळेत पाहावे लागते.