सरदाराचं वाक्य

"हालू नोको बाई," बिसराम म्हणाला. दाढीमिशा चिकटवायचा डिंक तो धुरपताबाईच्या टाळूवर लावत होता. पिना खोचायला तिथे केसच उरले नव्हते.

नागपूरच्या दवाखान्यात सलाइनमधून कॅन्सरचं औषध चढायच्या आधीच तिनं वेणी कापून घेतली होती आणि गोंदियात त्याच केसांचा टोप करून आणला होता. नाटक कंपनीत हे बिसरामशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. मालक दुर्गाप्रसादला बाई आजारी होती एवढंच माहीत.

बाईचं अख्खं आयुष्य म्हणजे एक प्रवेश. कैदेतल्या नवऱ्याला सोडवायला शिपाई बनून गडात शिरलेली दुलारी ती बावीस वर्षं झाडीपट्टीच्या गावोगावी करत होती. शेवटी सरदार झालेला बिसराम तलवारीच्या टोकानं तिचा फेटा उडवायचा, गुडघ्यापर्यंत केस सुटायचे आणि तो गरजायचा, "दगा! ही तर स्त्री आहे!" मग काय त्या शिट्ट्या, काय त्या टाळ्या! लोक त्या केसांसाठीच यायचे, उगाच खोटं कशाला बोला. घरी नवरा नाही, मूलबाळ नाही. दुलारी गेली तर बाईजवळ दुसरं होतं काय?

आणि दुर्गाप्रसादनं सकाळीच बजावलं होतं, बाई थकली, आज केस नीट पडले नाहीत तर उद्यापासून डिंपल. वीस वर्षांची डिंपल विंगेत बसून दुलारीचे संवाद घोकत होती. पोरगी वाईट नव्हती. पण तिची वेणी मनगटाएवढी जाड होती, आणि धुरपताबाईला त्या वेणीचा राग राग येत होता.

एरवी केशोरी गावात मंडईचं, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेचं, नाटक रात्रीच व्हायचं. यंदा रानटी हत्तींचा कळप जवळच्या जंगलात उतरला होता, म्हणून गावानं ते दुपारीच उरकायचं ठरवलं. वर टिनाचं छप्पर, अंगात शिपायाचा जाड अंगरखा, त्यावर फेटा. तिसऱ्या अंकापर्यंत डिंक पाघळून तिच्या मानेवर ओघळ आले. विंगेत आल्यावर तिनं बिसरामला ते दाखवलं. तो घाबरलाच. म्हणाला, फेट्याला हात लावत नाही, नुसता दंड धरतो, निभावून नेऊ.

"काऊन? लोकं कायले आले मंग?" ती म्हणाली. "उडवा फेटा."

त्यानं उडवला. फेटा गेला आणि फेट्याबरोबर टोपही गेला. तलवारीच्या टोकाला तिचे केस लोंबत राहिले, आणि भर उजेडात बाईचं उघडं डोकं सगळ्या गावानं पाहिलं. शिट्टी नाही, टाळी नाही. मग मागून कुणीतरी हसत म्हणालं, "आबे, हा त गडीमाणूसच निघाला."

बिसराम तलवार तशीच धरून उभा राहिला. विंगेत दुर्गाप्रसाद पडदा ओढायची खूण करत होता, दुसऱ्या हातानं त्यानं डिंपलला जवळ बोलावलं होतं. धुरपताबाईनं ते पाहिलं. संपलं, हे तिला कळलं.

"भाऊ, वाक्य म्हना आपलं," ती हळूच म्हणाली.

त्यानं पडद्याकडे पाहिलं.

"बावीस वर्सं म्हनून राहिले ना? आज मले आयकाचं आहे."

बिसरामनं तलवार खाली घेतली. केस मातीला लागू नयेत म्हणून ते दुसऱ्या हातावर धरले. गरजणं त्याला जमलंच नाही.

"दगा," तो म्हणाला. "ही तर स्त्री आहे."

या जागी ती नेहमी खांद्यावर आलेले केस डाव्या हातानं मागे सारायची आणि मग सरदाराला उत्तर द्यायची. आजही तिचा डावा हात खांद्यापर्यंत गेला. तिनं केस मागे सारले, मान वर केली आणि पुढचं वाक्य म्हटलं.